लाल डब्यातला बिघाड

अबोलीचा लाल डबा मेला तो दुधाच्या मशीनमुळे.

मशीन वीरधवलचं होतं. कोरेगावात त्याचं पशुखाद्याचं दुकान, आणि दुकानामागच्या गोडाऊनमध्ये पेंडीच्या पोत्यांच्या आड 'क्रशर' नावाच्या बँडची तालीम चालायची. बँडमध्ये तिघंच. वीरधवल ड्रम वाजवायचा. साताऱ्यात दातांचा दवाखाना चालवणारी संयोगिता गायची आणि बेस वाजवायची. गिटार अबोलीची. कॉलेजात असताना साताऱ्यात सुरू केलेला हा बँड तिघांच्या लग्नांनंतरही टिकला होता, याचं मुख्य कारण म्हणजे त्यांना कुणी कुठे बोलवत नसे, त्यामुळे भांडायला विषय नव्हता. अबोली आता सांगलीला विश्रामबागेतल्या एका ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. महिन्यातून दोन रविवार ती पाठीला गिटार लावून कोरेगावची वाट धरायची. तिचा नवरा निमिष तिला स्टँडवर सोडताना म्हणायचा, "जा, खडी फोडून ये."

लाल डबा म्हणजे गिटारचं पेडल. तो पायाशी ठेवायचा आणि बुटानं दाबायचा. मग गिटारचा सरळ, गोड आवाज त्याच्या पोटात जायचा आणि जाड मांजरपाट टराटरा फाडावा तसा होऊन बाहेर यायचा. अबोलीनं तो एकोणिसाव्या वर्षी मिरजेतल्या एका चर्चमधल्या गिटारवाल्याकडून घेतला होता. त्यानं तो आनंदानं दिला होता. "आमच्या लोकांना ह्या आवाजात प्रार्थना होत नाही," एवढंच त्याचं म्हणणं होतं. तेव्हापासून सतरा वर्षं अबोलीचा आवाज म्हणजे हा डबा. बोलताना ती हळू बोलायची, वर्गातल्या शेवटच्या बाकांना तर ती ऐकूच यायची नाही. गिटारवर मात्र ती ऐकू यायची.

त्या रविवारी डब्याची बॅटरी संपली होती. वीरधवल म्हणाला, "थांब गं, माझ्याकडं अडॅप्टर हाय," आणि दुधाचं फॅट मोजायच्या मशीनचा अडॅप्टर काढून त्यानं डब्याला लावला. व्होल्ट बरोबर होते. पण प्लस आणि मायनस उलटे होते. डब्यानं 'टुक्' असा एक बारीक आवाज केला आणि तो गप्प झाला.

"जरा थंड होऊ दे," वीरधवल म्हणाला.

डबा थंडच होता. आणि पंधरा दिवसांनी साताऱ्याच्या त्यांच्या जुन्या कॉलेजचा सुवर्णमहोत्सव होता. 'क्रशर'ला बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं.

सांगलीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून आत पाहिलं आणि तो हसला. "मॅडम, ह्यात दोनच ट्रांझिस्टर आहेत. माझ्या दाराच्या बेलमध्ये ह्याहून जास्त आहेत. फेकून द्या." मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका कारागिरानं डबा हातात घेतला, वाजवून पाहिला आणि सांगितलं की त्यांच्याकडे भोपळ्याचं काम होतं, पत्र्याचं नाही. शेवटी तिनं इंटरनेटवर शोधून तसलेच दोन जुने ट्रांझिस्टर मागवले. ते चार दिवसांनी कुरिअरनं आले. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधले सहायक नानासो यांनी त्यातला एक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, तर वरचा नंबर पुसला गेला आणि खालून दुसराच नंबर निघाला.

"मॅडम, हे नवंच हाय," नानासो म्हणाले. "म्हातारपणाचं सोंग घेतलंय."

"मग आता?"

"खरंखुरं जुनं पायजे आसंल तर आमच्या आटपाडीला जावा. नाथाजी हवालदार. मिलिटरीत सिग्नलला हुता. बिघडल्याली वस्तू त्याच्याकडं न्यायची. ती नीट करतोच, आन तिच्यात दुसरं काय बिघडलं आसंल तर तेबी न सांगता नीट करून देतो."

नानासोंचं शेवटचं वाक्य अबोलीनं नीट ऐकायला हवं होतं. पण महोत्सवाला आठ दिवस उरले होते.

रविवारी सकाळच्या एसटीनं तासगाव, विटा, भिवघाट करत ती आटपाडीला पोचली. गावाबाहेर डाळिंबाच्या बागेला लागून नाथाजींचं घर होतं. पुढच्या खोलीवर पाटी होती: 'रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्ती. आवाज स्वच्छ करून मिळेल.' पाटीचं पहिलं वाक्य वाचून अबोलीला हायसं वाटलं. दुसरं वाक्य तिनं वाचलं नाही.

नाथाजी चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, बारीक मिशीचे. त्यांनी डब्याचे चार स्क्रू काढले, ते बशीत ओळीनं मांडले, भिंगातून आत पाहिलं.

"कुनी उलटा करंट दिला?"

"माझ्या मित्रानं."

"काय करतो मित्र?"

"पेंड विकतो."

"मंग बराबर हाय," नाथाजी म्हणाले, आणि मीटरच्या दोन सुया लावून त्यांनी आजारी भाग शोधून काढला. टोपी घातलेल्या हरभऱ्याएवढा एक ट्रांझिस्टर, त्याला तारेचे तीन पाय. "ह्यो मेलाय. ह्याच्या शेजारचा जित्ता हाय, पन तब्येत बरी न्हाई त्याचीबी."

त्यांनी फळीवरून एक मोडका रेडिओ खाली घेतला, त्याच्या पोटातून तसाच एक ट्रांझिस्टर सोडवला, मीटरवर तपासला, बाजूला ठेवला. दुसरा सोडवला, तोही ठेवला. तिसरा त्यांना पसंत पडला. मेलेला काढून त्या जागी नवा बसवताना त्यांनी त्याचा एकेक पाय चिमट्यात धरला आणि मगच सोल्डरच्या गरम कांडीची कड टेकवली.

"चिमटा कशाला?" अबोलीनं विचारलं.

"ही जुनी जात लय नाजूक. गरमी पायातनं वर चढती आन आतल्या आत मरतंय. चिमट्यात धरलं की गरमी चिमटा खातो." त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. श्वासही त्यांनी पायागणिक रोखला होता.

अबोलीनं गिटार आणली होती. नाथाजींनी डब्याची दुसरी वायर आपल्या मोठ्या स्पीकरला जोडली. तिनं बोटं तारांवर ठेवली, डबा दाबला आणि एक सूर छेडला.

आवाज आला. नुसता आला नाही, पूर्वीपेक्षा जाड आणि खोल आला. खिडकीच्या काचा थरथरल्या, बागेतले होले उडाले. अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दुसरा सूर छेडला, तिसरा छेडला, आणि मान वर करून पाहिलं तर नाथाजींचा चेहरा पडला होता.

"फाटतोय," ते हळूच म्हणाले.

"हो!" अबोली म्हणाली.

"लय फाटतोय. ट्रांझिस्टर बदलून काय उपेग झाला न्हाई." त्यांनी तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. "रडू नका, ताई. मी हाय."

"नाही काका, तसं नाही. असाच असतो तो. मला असाच हवा आहे."

"आमच्या तोंडावर बरं बोलू नका. मला कळतंय. येवढ्या लांबनं आलाय, आन काम अर्धं झालंय."

तेवढ्यात चहा घेऊन चंद्राबाई बाहेर आल्या. नाथाजींच्या बायको. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि अबोलीला म्हणाल्या, "आता ह्ये जेवायचे न्हाईत. घरात कुकरची शिट्टी जरा फाटकी वाजली तर दोन दिस तिच्यामागं हुते."

"शिट्टीचं सोड," नाथाजी म्हणाले, आणि अबोलीकडे वळले. "ताई, अठ्ठ्याहत्तर साली मी लडाखला वायरलेसवर हुतो. वरच्या चौकीवरनं निरोप आला, कांबळी पाठवा. किती? तर लाइनीत नुसती खरखर. मला ऐकू आलं 'सात'. मी लिवलं सात. त्यो म्हनत हुता 'साठ'." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत. "सात गेली. बर्फ पडत हुतं. दोघांच्या पायाची बोटं कापावी लागली. कुनी मला काय बोललं न्हाई. सायब म्हनाला, लाइन खराब हुती, तुझा दोष न्हाई. पन ऐकलं तर मीच हुतं न्हवं?"

यावर अबोली काय बोलणार होती? की काका, मला ती खरखरच हवी आहे? मी तिच्यासाठी सतरा वर्षं डबा सांभाळलाय? तिनं चहा संपवला. नाथाजींनी डबा परत उघडून टेबलावर ठेवला होता. शेवटची एसटी चारची होती. महोत्सव पुढच्या रविवारी साताऱ्याला आहे, हे तिनं सांगितलं.

"मी सोताच साताऱ्याला आनून देतो. रविवारी न्हवं? हिची बहीन दहिवडीला हाय, वाटंतच. तुमी काळजी करू नका."

सांगलीला परतताना अबोलीनं एसटीत तीनदा मनात वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं.

बुधवारी ती वर्गात सरासरी आणि मध्यक शिकवत असताना फोन आला. "ताई, निम्मा फाटका आवाज गेला." ती वर्गाबाहेर आली. "काका, निम्मा राहू दे ना." "छ्या! निम्मं काम आमच्याकडं हुत न्हाई."

शुक्रवारी पुन्हा. "घरभेदी सापडला! शेजारचा ट्रांझिस्टर गळका हाय. त्यातनं करंट पाझरतोय, म्हनून सगळा घोटाळा. काढला त्याला."

"काका, तो गळकाच असतो! त्याच्यामुळेच तर—"

"आता काय बोलू नका. तुमाला आयकून बरं वाटंल म्हनून फोन क्येला." आणि फोन ठेवला.

तिनं संयोगिताला फोन लावला. संयोगिता म्हणाली, "सांगून टाक सरळ."

"तू सांग."

"मी? मी रोज वीस जणांना 'दुखणार नाही' म्हणून सांगते. खरं बोलायचा सल्ला माझ्याकडं कशाला मागतेस?" मग तिनंच कराडच्या एका ओळखीच्या वादकाकडून एक डिजिटल पेडल मिळवलं. त्यात शंभर प्रकारचे आवाज होते आणि त्यातला एक फाटका होता. "लाल डबा पुढं पायाशी ठेव," संयोगितानं योजना सांगितली, "आणि हे मागं, अँप्लिफायरच्या आड. म्हाताऱ्याला त्याचा डबा दिसेल, आपल्याला आपला आवाज मिळेल. कुणाचं काय बिघडलं?"

अबोलीला ही योजना आवडली नाही. पण दुसरी सुचली नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता नाथाजी आणि चंद्राबाई साताऱ्याला कॉलेजच्या सभागृहामागे हजर झाले. नाथाजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. डबा स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला होता, आणि सोबत एक काड्यापेटी. "काढल्याला माल. एक ट्रांझिस्टर, दोन रेझिस्टर. जुना माल मालकाला परत द्यायचा, आसा आपला नेम हाय."

अबोलीनं डबा जोडला. गिटारचा सूर आत गेला आणि जसाच्या तसा बाहेर आला. तिनं डबा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कशानंच काही फरक पडत नव्हता. डबा आता काहीच करत नव्हता, आणि ते काहीच न करणं इतकं निर्दोष होतं की त्यात साधी खर्र सुद्धा सापडत नव्हती.

"कसा हाय?" नाथाजींनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता," अबोली म्हणाली. हे खरंच होतं.

वीरधवल तोंडाला टॉवेल लावून बाहेर गेला.

सभागृह भरलेलं होतं. पुढे जुने प्राध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, मग माजी विद्यार्थी. नाथाजी आणि चंद्राबाईंना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली होती. 'क्रशर' मंचावर आला. लाल डबा अबोलीच्या पायाशी पुसूनबिसून ठेवलेला होता, आणि त्याची एक वायर मागे अँप्लिफायरकडे जाऊन कुठेही न जोडता पडली होती. वीरधवलनं काठ्या आपटून चार मोजले.

पहिल्या सुरालाच पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं. स्वागत समितीच्या दोघी पाणी आणायच्या निमित्तानं उठल्या. मागे काही जुनी पोरं मात्र ओरडली, आणि अबोलीला बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण ऐकू येतोय. डिजिटल पेडलचा आवाज जरा प्लॅस्टिकचा होता, पण फाटका होता. पहिलं गाणं संपेपर्यंत तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या गाण्याला तिची नजर गेली. नाथाजी उभे राहिले होते.

ते संतापलेले नव्हते. मुलाला शाळेच्या मंचावर कविता आठवेनाशी झाल्यावर बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. सगळ्या सभागृहासमोर त्यांचं काम उसवलं होतं. चंद्राबाईंनी सदरा धरला, तो त्यांनी सोडवला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बाजूच्या पायऱ्यांनी ते मंचावर चढले.

"वाजवत ऱ्हावा," ते अबोलीला म्हणाले. "मी बगतो."

ते तिच्या पायाशी बसले. डब्याला कान लावला. मग त्यांनी तेच केलं जे सिग्नलच्या माणसानं करायचं असतं. त्यांनी वायर हातात धरली आणि ती कुठे जाते ते पाहत निघाले. वायर अँप्लिफायरच्या मागे गेली, आणि तिथे तिचं टोक मोकळं पडलेलं होतं. शेजारीच दुसरी वायर होती. ती एका निळ्या डब्यात शिरत होती, आणि डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

नाथाजींनी निळ्या डब्यातली वायर उपसली.

गिटार बंद पडली, तसे वीरधवल आणि संयोगिताही थांबले, आणि सभागृह एकदम शांत झालं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या तीन रांगांत त्या विशेष मनापासून वाजत होत्या. कुणीतरी "वा!" सुद्धा म्हणालं.

नाथाजी मात्र वायर हातात घेऊन उभे होते. त्यांनी मोकळं टोक पाहिलं, निळा डबा पाहिला, आणि मग अबोलीकडे पाहिलं. तिचा हात तारांवरच राहिला होता. टाळ्या ऐकत ती एवढंच म्हणू शकली, "काका..."

त्यांनी उपसलेली वायर परत निळ्या डब्यात खोचली, नीट बसली का ते हलवून पाहिलं. पायात अडकू नये म्हणून मोकळी वायर गुंडाळून बाजूला ठेवली. आणि ते खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन ताठ बसले. उरलेली दीड गाणी त्यांनी पापणी न लववता ऐकली. अबोलीनं ती कशी वाजवली ते तिला नंतर आठवेना.

कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी माईक घेतला. 'क्रशर'च्या कलाकारांचे त्यांनी एका वाक्यात आभार मानले. मग म्हणाले, "आणि ज्यांच्या समयसूचकतेमुळे मध्यंतरी आपल्याला काही क्षण शांतता लाभली, त्या तंत्रज्ञांचा सत्कार करणं मी माझं कर्तव्य समजतो." नाथाजींना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि त्या दिवसाच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मिळाल्या. बँडला गुलाबाचं एकेक फूल मिळालं.

अबोली त्यांना शोधत आली तेव्हा ते दोघं कँटीनसमोरच्या बाकावर बसले होते. शाल घडी करून नाथाजींच्या मांडीवर. चंद्राबाई बोलल्या.

"पाच रात्री न्हाई झोपले. येकदा तर झोपंत म्हनाले, पाझरतोय, पाझरतोय. मला वाटलं पत्रा गळतोय, मी बादली ठिवली."

"चूक माझी आहे," अबोली म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच आवाज मिळाला होता. जसा हवा होता तसाच. मी रडले ते आनंदानं."

"मंग सांगितलं का न्हाई?" नाथाजींनी विचारलं.

"तुम्ही ते साठ कांबळ्यांचं सांगितलंत. त्यानंतर कसं सांगणार?"

"तोंडानं."

अबोली खाली बसली. "काका, साध्या, स्वच्छ आवाजात वाजवलं की मला वाटतं मी खोटं बोलतेय. सगळं छान चाललंय असं. डब्यातून आलं की खरं वाटतं."

"आन आज फाटक्या आवाजात खोटं बोललीस, ते कसं वाटलं?"

काका 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, हे तिच्या लक्षात आलं. तिला त्याचं बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही. "वाईट वाटलं," ती म्हणाली.

नाथाजींनी मांडीवरची शाल चंद्राबाईंकडे दिली. मग विचारलं, "काड्यापेटी कुठं हाय?"

महोत्सवानिमित्त फिजिक्सची लॅब माजी विद्यार्थ्यांना पाहायला उघडी ठेवली होती. तिथे सोल्डरिंगचं सामान होतं. नाथाजींनी तिथल्या बाईंची रीतसर परवानगी घेतली, डबा उघडला, काड्यापेटीतला गळका ट्रांझिस्टर आणि दोन रेझिस्टर कागदावर मांडले. मग सोल्डरची गरम कांडी त्यांनी अबोलीच्या हातात दिली.

"मी?"

"मी आवाज फाडनार न्हाई. जल्मात कवा फाडला न्हाई. तुला पायजे तर तू फाड. मी चिमटा धरतो."

अबोलीनं आयुष्यात कधी सोल्डर केलं नव्हतं. पहिल्या पायाला तिनं इतका मोठा गोळा लावला की नाथाजींनी डोळे मिटले. "पुसून काढ. परत. कड नुसती टेकव, दाबू नको. गडबड न्हाई." दुसरा पाय बरा जमला. तिसऱ्याला तिनं श्वास रोखला, आणि तिच्या ध्यानात आलं की नाथाजींनीही रोखलाय. ज्या भागाला त्यांनी घरभेदी म्हणून घराबाहेर काढलं होतं, त्याला उष्णता लागू नये म्हणून ते चिमटा अगदी मुळाशी, घट्ट धरून उभे होते.

लॅबमधल्या छोट्या स्पीकरवर तिनं वाजवून पाहिलं. आवाज फाटला. अगदी पहिल्या दिवशीसारखा, जाड आणि खोल. वीरधवल दारात उभा होता, त्यानं दोन्ही हात वर केले. अबोली नाथाजींकडे पाहत राहिली. त्यांचा चेहरा औषध प्यायल्यासारखा झाला होता, पण ते हलले नाहीत. पूर्ण एक मिनिट त्यांनी ऐकून घेतलं.

"मागं बारीक घूं घूं येतंय," ते शेवटी म्हणाले. "ते तर नको हाय न्हवं तुला?"

"नाही, ते नको."

"बग!" ते मागे उभ्या असलेल्या चंद्राबाईंना म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. ते घूं घूं त्यांनी दोन मिनिटांत काढलं. मग लॅबमधल्या बाईंकडून कागदाची चिठ्ठी आणि पेन मागून घेतलं, सावकाश लिहिलं, खाली अबोलीची सही घेतली आणि चिठ्ठी डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवली. 'बिघाड मालकाच्या सांगण्यावरून कायम ठेवला आहे.'

अबोलीनं त्या झाकणाचा फोटो काढून गिटारवाल्यांच्या एका ग्रुपवर नाथाजींच्या पत्त्यासकट टाकला, तो गंमत म्हणून. पण त्या ग्रुपवर कोल्हापूरचे, पुण्याचे, पार बेळगावचे गिटारवाले होते, आणि प्रत्येकाकडे असा एखादा मेलेला डबा होता. महिन्याभरात आटपाडीला पार्सलं येऊ लागली. निळे डबे, पिवळे डबे, एक तर बेडकाच्या आकाराचा. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी: काका, खराखुरा जुना ट्रांझिस्टर हवा, आणि कृपा करून आवाज स्वच्छ करू नका.

आयुष्यभर ज्या आवाजाशी नाथाजी भांडले, त्या आवाजाचे आता ते आसपासच्या चार जिल्ह्यांत एकमेव खात्रीचे कारागीर आहेत. पाटी त्यांनी बदललेली नाही. ट्रांझिस्टर ते स्वतः बदलतात, पाय चिमट्यात धरून, पूर्वीइतकेच मन लावून. प्रत्येक झाकणात चिठ्ठी चिकटवतात. फक्त तपासणी त्यांना होत नाही. त्यासाठी वीरधवलनं एक जुनी गिटार त्यांच्याकडे नेऊन ठेवली आहे.

अबोली गेल्या महिन्यात आटपाडीला गेली तेव्हा नाथाजी बाहेर डाळिंबाच्या बागेत, घराकडे पाठ करून उभे होते. आत चंद्राबाई पाटावर बसल्या होत्या, मांडीवर गिटार आडवी. त्यांनी पदर खोचला, पायाच्या अंगठ्यानं डबा दाबला आणि बोटानं सगळ्या तारा एकदम ओढल्या. घर हादरलं.

चंद्राबाईंनी क्षणभर कान दिला, आणि मग खिडकीतून बागेकडे तोंड करून ओरडल्या, "आवं, फाटला! या आता आत."